एक पिन मोकळी

हेब्डन ब्रिजला घरांवर घरं रचलेली.
खालच्याचं दार नदीकडे, वरच्याचं डोंगराकडे,
माझी फरशी तिचं छत.
खाली डोरीन सटक्लिफ, वय एक्याऐंशी,
एकतीस वर्षं याच चढावर टपाल वाटलेली.

"नदी तळघरात येते तेव्हा मला ऐकू येत नाही,"
श्रवणयंत्र बशीत काढून ठेवत ती म्हणाली.
"भोंगा नको. दिवा लाव. मोठा."

मग मी बोर्ड निवडायला बसले.
एकाला वायफाय, एकाला दोन मेंदू,
एक इतका हुशार की जागं व्हायलाच मिनिट लावतो,
आणि पाणी मिनिटभर थांबत नाही.
इचलकरंजीला बाबा माग दुरुस्त करायचे,
सुईने भागतं तिथे कुणी दाभण काढला की ओरडायचे.
मी घेतली आठ पायांची चिप, चिंचोक्याएवढी.
आठातले दोन पाय खाण्यापिण्याचे,
एक, बेशुद्ध पडली तर उठवायचा,
उरले पाच.
पाच म्हणजे चैन, असं तेव्हा वाटलं.

पहिल्या पायरीला तार. एक गेला.
"आणि चौथीला? किती भरलं ते कळायला?" दोन.
दिवा. तीन.
ती भिंतीकडे तोंड करून झोपते, म्हणून उशीखाली
जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर. चार.
मोटरचा भार चिपला पेलत नाही,
मध्ये एक ट्रान्झिस्टर मध्यस्थ बसवला.
"आणि हे सगळं गप्प कसं करायचं?"
बटण. पाच.

पुढच्या शनिवारी पार्किनचा तुकडा घेऊन वर आली.
"ॲग्नेसच्या तळघरातही पाणी शिरतं गं.
आणि आकडे दिसले तर बरं. चष्म्याशिवाय."

मोठा बोर्ड मागवणारच होते.
पण चिंचोका समोर पडलेला, चिकाटीने लुकलुकत.
दोन पाय सोडवून घेतले, त्यांच्या दोन तारा केल्या,
एकीवर ठेका, दुसरीवर बोल.
त्यावर पाय वाढवणारी चिप बसवली,
दोन घेऊन आठ परत देणारी,
शेजारी पडदा.
ज्याला हाक मारली त्यानेच बोलायचं, एवढाच नियम.

तारा वर ओढून धरणारे रेझिस्टर विसरले,
तासभर सगळे मुके.
ते लावले, तर सगळे एकदम बोलायला लागले.
पडद्यावर अर्धे खाल्लेले अंक,
आकडा पाठवला की उशी थरथरे,
दिवा लावला की पडदा बरळे.
तीन रात्री. तारा बदलल्या, प्रोग्राम पुन्हा लिहिला,
चिपला नाही नाही ते बोलले.

डोरीन शेजारी बसून पाहत होती.
"दोघांना पत्र कुठल्या पत्त्यावर टाकतेस?"

पाहिलं.
सत्तावीस. दोघांचाही सत्तावीस.

ती इतकी हसली की शिट्टी घालत श्रवणयंत्र निसटलं.
"आपण एकाच भिंतीत राहतो, पोरी,
पण तुझी गल्ली वेगळी, माझी वेगळी.
नाहीतर वरच्यांची बिलं खालच्यांनी भरली असती!
घर नको पाडूस. नंबर बदल."

चिपशेजारी ठिपक्यांच्या तीन जोड्या असतात.
सोल्डरिंगच्या टोकाला कल्हई चढवली,
एक जोडी सांधली.
डाखेचा थेंब मोहरीएवढा.
सत्तावीसचा सव्वीस झाला,
आणि पडद्यावर उमटलं, ठळक, तिच्या चष्म्याशिवाय:
पाणी नाही.

मोजलं. ॲग्नेसची तार धरूनही
एक पिन मोकळी.
"तिला काय जोडायचं?" मी विचारलं.
बाहेर नदी गोटे सरकवत होती, मला ऐकू येत होती, तिला नाही.

"वर तुझ्या पलंगाशी एक बटण," ती म्हणाली.
"तुला काही झालं तर माझा दिवा लागू दे."

मी म्हटलं, फरशीला भोक पाडावं लागेल.

ड्रिल तिने पिशवीतून आधीच आणलं होतं,
पार्किनच्या डब्याखाली.