आढळले नाही

रात्री साडेअकराला शीतगृहाचं दार सरकतं
आणि नैवाशाचे गुलाब आत येतात,
खोक्यांत आडवे, डोक्याला डोकं टेकवून,
सहलीला निघालेल्या शाळकरी पोरींसारखे.
विमान दोन वाजून दहा मिनिटांनी.
उद्या ॲमस्टरडॅमजवळ लिलाव.

मी स्वेटरवर स्वेटर, त्यावर पांढरा कोट.
नाव नेकेसा बरासा, हुद्दा निरीक्षक.
हत्यारं तीन: भिंग, चिमटा, पातं.

शितावरून भाताची परीक्षा, तशी
चारशे खोक्यांतली बारा उचलते.
कुठली बारा, ते सांगायचं नसतं,
आणि खरं तर हात घालेपर्यंत मलाही ठाऊक नसतं.
पांढऱ्या टेबलावर जुडी उलटी धरून झटकते.
दोन पाकळ्या. थोडी धूळ.
धुळीकडे मी खूप वेळ बघते.
धूळ चालत नाही ना, एवढंच बघायचं.

मग कळ्या चिरायच्या.
पहिल्या महिन्यात आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
सरकार तुला फुलं फाडायचा पगार देतं?
देतं. वेळेवर नाही, पण देतं.

माझ्या दाखल्यातलं वाक्य छापील आहे:
तपासणीत आढळले नाही.
नुसतं ‘नाही’ लिहायची मुभा मला नाही.
ते देवानं लिहावं, त्याला सगळी खोकी दिसतात.
मी लिहायचं ते बाराचं,
आणि सही करायची चारशेंवर.
पलीकडच्या देशात कुणी एक माणूस,
ज्यानं माझं तोंड कधी पाहिलं नाही,
माझा शिक्का बघून गाडी पुढे सोडतो.
एवढा विश्वास माझ्या सासूनंही कधी टाकला नाही.

आज सातव्या खोक्यात,
लाल कळीच्या पोटात,
अळी.
शितापेक्षा बारीक, फिकट गुलाबी,
झोपमोड झाल्यासारखी वळली
आणि पुन्हा पाकळीत शिरू लागली.

गाडीवरचा लेकिशोन म्हणाला, एकच तर आहे, मॅडम.
मी म्हटलं, एकटी कुणी येत नाही.
तो म्हणाला, चारशे खोकी.
मी म्हटलं, हो.
त्यानं मळ्यावर फोन लावला. पलीकडून कुणी ओरडलं.
तो फोन कानापासून लांब धरून उभा राहिला.
मग म्हणाला, बघू तरी.
भिंगाला डोळा लावून बराच वेळ वाकला.
सुंदर आहे की, म्हणाला.
आणि सरळ होत, माझ्याकडे न बघता:
लाळ-खुरकुताच्या वर्षी आमचा गुरांचा बाजार असाच बंद केला होता.
बाप रोज जायचा, कुलूप बघून यायचा.
आमची गुरं धडधाकट होती, मॅडम.
सगळ्यांचीच असतात, मी म्हणणार होते.
म्हटलं नाही.
अळी कुपीत घातली, चिठ्ठी डकवली,
खोक्यांवर लाल पट्टी ओढली.

नेकेसा म्हणजे सुगीत जन्मलेली.
बुंगोमाला आईच्या मक्यात गेली काही वर्षं
एक अळी येते. ती आमची नाही.
समुद्र ओलांडून आली, दुसऱ्या खंडातून,
पोंग्यात शिरून पान चाळणीसारखं करते.
आई पहाटे उठून ताटा-ताटातून ती बोटांनी काढते,
पोंग्यात चिमूटभर राख टाकते,
आणि फोनवर विचारते,
तू तिथे दारातच असतेस ना गं?
मग ही आत कशी आली?

कुठल्या दारानं, कुठल्या रात्री, ते कुणालाच माहीत नाही.
पण मला कधी कधी एक टेबल दिसतं.
त्याच्याशी एक बाई, स्वेटरवर स्वेटर.
तिनं बारा खोकी उचलली असतील. जुडी झटकली असेल.
धुळीकडे खूप वेळ बघितलं असेल,
आणि मग लिहिलं असेल: आढळले नाही.
खोटं नसणार ते.

लेकिशोन गाडी मागे घेतोय.
त्याच्या जागी दुसरी लागते, कार्नेशनची.
मी पातं पुसते.