गुडघ्याखालचं जस्त

दर गुरुवारी मी चार जिने चढतो.
बझांसोंमधली, बातांच्या उतारावरची ती इमारत,
खाली पावाची भट्टी,
वर मादाम पूर्शे आणि तिची एकोणीस घड्याळं.
किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला,
गुडघे माझे आता घड्याळांपेक्षा जास्त वाजतात.

दोन खोल्यांत राजवाड्याचा ऐवज:
फ्रिजवर सोनेरी शंखांची वेलबुट्टी,
कपाटावर मेंढपाळीण, तिच्या टोपलीत सगळे तास,
न्हाणीघरात टबाच्या वर, वाफ लागू नये म्हणून
प्लॅस्टिकची टोपी घातलेला पंखवाला बाळदेवदूत.
प्रत्येकामागे तिने आरसा लावलाय,
म्हणजे एकोणिसांची अडतीस होतात
आणि निम्मी उलटी चालतात.

सरळ रेघ म्हणून नाही कुठे.
पानं वळलीत, शिंपले वळलेत,
लाटेचा फेससुद्धा सोन्याचा होऊन वळलाय;
मधोमध ती पांढरी तबकडी मात्र
वरातीत सापडलेल्या कारकुनासारखी गंभीर.

सगळी एका वेळेवर आणू का, पहिल्या वर्षी मी विचारलं.
नको, म्हणाली, माणसं बोलतात का कधी सगळी एकदम?
म्हणून तिच्याकडे बारा वाजायला अकरा मिनिटं लागतात.
एक सुरू करतं, दुसरं त्याला खोडतं,
स्वयंपाकघरातलं सर्वांत शेवटी, घसा खाकरून.

मुलाम्याचं मीच तिला सांगितलं होतं एकदा:
पारा नि सोनं मळायचं, लोण्यासारखं,
पितळेवर फासायचं, विस्तवावर धरायचं.
पारा उडतो. सोनं राहतं.
आणि पारा जातो कुठे?
मुलामा देणाऱ्याच्या छातीत, हिरड्यांत,
बोटांच्या कापऱ्यात.
त्या दिवशी तिने फडकं मारलं नाही,
नुसता एकेका घड्याळाला हात लावला.

या गुरुवारी नवं आलं होतं,
दोलच्या जुन्या बाजारातून, चादरीत गुंडाळून,
बसमध्ये मांडीवर बसवून आणलेलं.
मी कापसाला स्पिरिट लावलं, देवदूताचा गुडघा पुसला,
आणि सोनं कापसावर आलं.

पितळ उघडं पडलं म्हणावं, तर पितळही नव्हतं.
जस्त. बादलीचं असतं तसलं, राखाडी.
ना पारा, ना विस्तव, लाखेचा एक पिवळा हात;
राजे गेल्यावर शंभर वर्षांनी
साच्यात ओतलेला थाट.

मी गुडघ्यावर अंगठा ठेवला.
चौदा वर्षांत मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो,
एकदाच, बिलाच्या बाबतीत, तेही तिच्याच बाजूने.

आतून कॉफीचा वास आला, मागून आवाज:
"गुडघा ना?"

मग कप ठेवत:
"एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली मी.
खोटा पास हातात यायच्या आधी कळायचा.
पण जानेवारीत, बर्फ पडत असताना,
कुणाला खाली उतरवलं नाही.
बघायचे, परत द्यायचे, ठीक म्हणायचे."
तिने देवदूताकडे पाहिलं.
"चालतं का, तेवढं सांगा."

चालत होतं.
आतलं यंत्र अस्सल, मागच्या पत्र्यावर
दुरुस्त करणाऱ्यांनी टोच्याने कोरलेली नावं:
लोदिये, १९०३. कुणी फ. ब.
पुन्हा लोदिये, १९४१, अक्षर थरथरतं.
खाली थोडी जागा होती.

लाख चढवून देऊ?
"राहू द्या. फ्रिजवरचं जरा सरकवते."

उतरताना तिसऱ्या मजल्यावर पहिलं बारा लागलं,
दुसऱ्यावर मेंढपाळीण,
भट्टीपाशी पोचेस्तोवर नुसता गलका.
पाववाली म्हणाली, अंगठ्याला काय लागलंय पिवळं?
मी तो हात खिशात घातला,
दुसऱ्याने सुटे पैसे मोजले.
वर विसावं अजून वाजायचं होतं.