पान एकशे बारा

दारव्ह्याच्या एसटीनं गेलेल्या कोण्या पोरीचं पुस्तक
बाकड्यावर राहून गेलं.
कव्हरवर किटली, किटलीच्या तोटीतून उडणारा पक्षी.
आत नाव होतं, गाव नव्हतं.
दोन दिवस बिस्किटाच्या बरणीमागं ठेवलं.
तिसऱ्या दिवशी, दूध वर येईस्तोवर जेवढा वेळ असते
तेवढं तेवढं वाचलं.

म्हणे एक राज्य होतं, सगळं धुक्याचं.
तिथं चाय करणाऱ्या पोरीले राणीहून जास्त मान.
सोळा वर्षांची ते, वाफ पाहून सांगते
कोणाच्या मनात काय दडलं.
एका घोटात सेनापती रडते
लहानपणी हरवलेल्या कुत्र्यासाठी.

मी थांबली. साखर टाकली.
वाफ तर मीबी पाहते बाप्पा,
तेवीस वर्षं झाली या फाट्यावर.
मेश्राम कंडक्टर फुल सोडून कट मांगते,
म्हणजे घरी काही झालं.
जिनिंगवरचा नवा पोट्टा बशीत ओतते अन् पीतच नाही.
एवढं समजायले धुकं कायले पायजे?

तिच्याजवळ चांदण्यात खुडलेली पानं,
माझ्याजवळ पाव किलोचं पाकीट, अर्धा भुगाच.
अन् त्या राज्यात हजार लोक चाय पेतात,
एकबी ग्लास कोणी विसळत नाही.
मागची पानं चाळून पाहिली.
खरंच, कोणीच नाही.

पण शंभराच्या पुढं कुठंतरी
ते पोरगी पहिल्यांदा स्वतःसाठी चाय मांडते,
अन् तिले वाफेत काहीच दिसत नाही.

तिथं मी अशी बसली
की सगळं दूध शेगडीवर.
ऑटोवाला ओरडला, "काकू, जयलं ना वं!"
पाकिटाचा तुकडा फाडला, खूण घातली.
पान एकशे बारा.

आज ते आली. आचल मडावी, अकरावी,
पाठीवर दप्तर, कपाळावर घाम.
पुस्तक दिलं. तिनं खूण पाहिली,
मंग माझ्याकडं.
"पुढं तिले दिसते का काही?" म्या विचारलं.
"सांगू?"
"नको."
एसटीनं हॉर्न दिला. चढता चढता तिनं
पुस्तक परत बाकड्यावर ठेवलं,
"सोमवारी नेतो काकू."

गिऱ्हाईक नव्हतं.
तडकलेला ग्लास विसळला, तोच माझा.
अद्रक ठेचलं, चाय गाळली, फुल.
ग्लास तोंडाजवळ नेला
तं वाफ चष्म्यावर बसली,
फाटा नाही, रस्ता नाही,
काही दिसलं नाही.

तशीच पेली.