आठ इंच

देवळालीच्या लिलावातून जिप्सी आणली तेव्हा
दारावर कुठल्याशा युनिटचा आकडा होता, अर्धा खरवडलेला.
लष्करी हिरवा आपल्याला चालत नाही,
म्हणून पांढरा मारून घेतला.
तरी बिजागरीच्या फटीत बोट घातलं
की अजून फौज लागते बोटाला.

शैला म्हणाली होती, छोटी ऑटोमॅटिक घे,
कॉलेज रोडला कुठेही शिरते.
कॉलेज रोडला मी जाते कधी?
मला रोज हरसूल,
आणि हरसूलच्या पुढचे पाडे,
मांडीशी बर्फाचा डबा, डब्यात रक्ताच्या नळ्या,
ज्या हिंदकळल्या की रिपोर्ट खोटं बोलतात.

मग रऊफ मिस्त्री, अंबड लिंक रोड.
मी यादी घेऊन गेले होते,
त्यानं ती वाचली आणि तिच्यावरच चहाचा ग्लास ठेवला.
नाकाडं कशाला? नदीत उतरवणारेस?
विंच कुणाला बांधणार, बाभळीला?
पुढचा लोखंडी बार काढ, पोलीस पावती फाडतील.
बाकी दोन इंच उचलू.
मागचे दोन पाटे मी काढतो. फौजेत सामान बसायचं,
आता माणसं बसणार.

गुटक्यांचे टायर मात्र मी हट्टानं घेतले.
द्वारकाच्या पुलावर पिठाची गिरणी सुरू व्हायची.
सहा महिन्यांनी विकले,
साधे घातले, थोडी नक्षी असलेले,
कारण नानांना नर्सचं बोलणं ऐकू येईना
परतताना फोनवर.

नानांचं आधी सांगायला हवं होतं.
एकतीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात फिटर.
आता मंगळवार, शुक्रवार, मुंबई नाका,
चार तास मशीनला.
जाताना अडुसष्ट किलो, येताना पासष्ट.
पहिल्या दिवशी ते गाडीपाशी उभे राहिले,
गाडीकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, स्टूल आणते.
ते म्हणाले, फूटपट्टी आण.

जमीन ते फरशी, चोवीस इंच.
उजवा पाय उचलून माझ्या हाताशी धरला:
आठ. त्याच्या वर दुखतं.
चोवीस भागिले आठ.
म्हणजे पायऱ्या दोनच, तिसरी गाडी स्वतः.
आणि मूठ चुकीच्या जागी आहे,
चढताना डाव्या हाताला येते,
डाव्या हातात फिस्टुला,
त्यावर भार द्यायचा नसतो, हे कंपनीला कोण सांगणार.
मूठ मागच्या खांबावर घ्या, उजव्या हाताला.

रऊफनं वेल्डिंगची कांडी उचलली,
नाना म्हणाले, ठेव ती. रिव्हेट.
आणि पायऱ्या घडीच्या हव्यात, वर दुमडणाऱ्या,
नाहीतर हिनं दोन इंच उचलून काय मिळवलं?
मी म्हटलं, नाना, एवढं कशाला, मी धरते ना तुम्हाला.
ते म्हणाले, विमानात कोणी उडी मारून बसतं का?
शिडी लावतात. कुणाला लाज वाटत नाही.

दोघं तीन रविवार शेडमध्ये बसले.
अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छत्तीस रिव्हेट,
एकमेकांपासून सारख्या अंतरावर.
रऊफनं पैसे घेतले नाहीत.
एक रिव्हेट वाकडा होता, तो रऊफचा,
नाना अजून दर वेळी त्यावर अंगठा फिरवतात
आणि मग पाय ठेवतात.

परवा सिग्नलला शेजारी एक पोरगा थांबला,
नवी कोरी गाडी, छतावर कुदळ, फावडं, दोन डबे,
टायरला मातीचा एक कण नाही.
काच खाली करून म्हणाला,
मॅडम, भारी ठेवलीय. ऑफरोड करता का?
मी म्हटलं, करतो ना. मंगळवारी, शुक्रवारी.
तो हसला, मीही.

नाना हसले नाहीत.
पुढे बघत म्हणाले, रविवारी पण.
सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले.
डॉक्टरांनी तिसरा वार दिलाय, ते म्हणाले,
तुला रात्री सांगणार होतो.
आणि वरच्या पायरीचा नट ढिला वाटतो,
घरी गेल्यावर दहाचा पाना दे.