आठाचा आकडा

खिडकीतल्या बाईनं इचारलं, जन्मतारीख.
म्या मायकडं बगितलं.
माय म्हणली, जमीन हालली न्हवं का किल्लारीकडं,
त्याच्या आदल्या सुगीत.
ज्वारी हुरड्याला आल्ती.
बाईनं पेन खाली ठेवला.

जागा?
घाटनांदूरच्या अलीकडं, लिंबाखाली.
म्हणून तर नाव लिंबराज.
लिंब कुठंय?
रस्ता मोठा केला, त्यात गेला.
साक्षीदार तेवढा एकच व्हता.
आता रोज टेम्पो घेऊन
त्याच्या बुडख्यावरून जातो मी,
तिथं आलं की गियर आपोआप खाली येतो.

आधार?
म्या म्हणलं, माय हाय की ही.
मागं रांगेत कुणीतरी हासलं.
मायबी हासली,
तिला वाटलं, काम झालं.

बाहेर चहाच्या टपरीला टेकून
एजंट गुट्टेचं टेबल.
एक जून टाकू, म्हणला,
अर्धा मराठवाडा एक जूनलाच जन्मलाय.
पण शाळेचा दाखला न्हाई म्हणल्यावर
त्योबी गप झाला,
सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली.

डॉक्टरनं जबडा उघडायला लावला.
बाप आठवला.
बाजारात बैलाच्या ओठात बोटं घालून सांगायचा,
सहादाती हाय, घ्या.
बैल कसा उगी उभा राहायचा,
ते त्या दिवशी कळलं.
डॉक्टर म्हणला, अठराच्या वर, एवढंच लिहितो.
तीस वर्सं त्यानं एका ओळीत बसवली.

कायमचा पत्ता.
भाता रोवला तिथं घर, असं आमच्यात.
परळीला विळे, गंगाखेडला खुरपी,
पुढल्या अमावस्येला कुटं, ते बापालाच ठावं.
आता लोखंड ठोकून घेत न्हाई कुणी,
आमी मोडीत उचलतो.
मोईनभाईचा टेम्पो, नऊ वर्सं झाली.
सीटखाली शंभराची घडी तयार ठेवायची,
चौकात शिट्टी वाजली की काढायची.
तेच माझं लायसन,
रोज नवं.

सरपंच म्हणला, तुमी आज हाव, उद्या न्हाई,
कुण्या तोंडानं लिहून देऊ?
तहसील, बाँड, दोन साक्षीदार, परत तहसील.
अकरा म्हैने.
माय दर खेपेला नवं लुगडं नेसून यायची.

मग मैदान. चुन्यानं काढलेला आठ.
आठ येतो मला, पण मराठी,
काट्यावरच्या वहीत बगून शिकलेला,
एका अंगानं उघडा, बिनदाराच्या पालासारखा.
ह्यो दुसरा आठ.
जिथनं निघाला तिथंच येऊन मिटतो,
दोन कोंडवाडे एकाला एक लावल्यागत.
साहेब शेजारी बसला.
म्या चाक चुन्याला लागू दिलं न्हाई.
अर्जावर अंगठा व्हता माझा,
मैदानात मात्र ठसा उमटला न्हाई कुटंच.

पास, म्हणला. कार्ड पोस्टानं घरी येईल.
घरी.

तवर गायरानातनं उठवलं आमाला.
पोस्टमन दोनदा येऊन गेला म्हणं,
तिसऱ्यांदा पाकिटावर शिक्का बसला,
पत्ता सापडत नाही.

टेम्पो काढला, मायला बसवलं.
आंबाजोगाईच्या चौकात शिट्टी वाजली.
शंभर दिले.

खिडकीत तीच बाई.
पाकीट तिच्या हातात.
आधी ओळखपत्र दाखवा, मग देते.
म्या पाकिटाकडं बोट केलं.
तिनं ते उजेडाकडं धरलं,
आतलं काही दिसतंय का बगत राहिली.

मायनं गजातनं हात घातला.
म्हणली, फाड की बाई,
लेकरू आत हाय माझं.