आगाऊ

टोलेडोत, विद्यापीठाच्या लायब्ररीत, तळघरात रात्रपाळी माझी.
साडेसातच्या बसने ओन्ड्रिया प्रुइट येते,
आत शिरताच धुकटलेला चष्मा स्वेटरला पुसते
आणि मागते खोका नंबर एकोणीस.

बंद पडलेल्या एका शाळेतल्या शिक्षेच्या चिठ्ठ्या,
कार्बनखाली उतरलेली निळी अक्षरं.
डेलोरिस, वय आठ : मोठ्याने हसली.
यूनिस, वय नऊ : डोळे फिरवले.
नाव पुसट, वय दहा : बाईंना ‘का’ विचारलं.
वर्नेट, वय सात : केसांतल्या मण्यांचा आवाज.

ओन्ड्रियाचा प्रबंध या आवाजावर आहे.
समितीतल्या एकांनी विचारलं, हा विषय होतो का?
दुसरे म्हणाले, मुलग्यांवर करा,
त्यांचे आकडे तरी मिळतात.
तिने दोनदा शीर्षक बदलून दिलं
आणि आत तेच ठेवलं,
नको म्हटलेली भाजी आई पुन्हा ताटात वाढते तसं.

शिष्यवृत्ती पाच वर्षांची होती. हे सातवं.
दिवसा ती दातांच्या दवाखान्यात फोन उचलते,
रविवारी भाचीचे केस विणते.
तिसरं प्रकरण म्हणे तिथंच सुचलं,
तोंडात कंगवा, लिहायला हात मोकळा नाही.

एकदा म्हणाली,
तुमच्या भाषेत काय म्हणतात अशा पोरीला?
मी म्हटलं, आगाऊ.
मग सांगितलं की भाडंही आगाऊ असतं,
राहायच्या आधीच भरायचं.
तिने पेन्सिल खाली ठेवली.
“म्हणजे वय,” ती म्हणाली.
“सात वर्षांच्या पोरीकडून सतराचं,
आगाऊ वसूल.”
मला तो शब्द तीन वेळा म्हणायला लावला.
तिला ‘ळ’ नको होता, तरी तोही शिकून घेतला.

मिरजेच्या शाळेत छबू होती,
नाल्यापलीकडच्या वस्तीतून यायची.
बोलायचा सगळा वर्ग,
फळ्यावर नाव तिचंच.
मॉनिटर मी होते.
अक्षर माझं चांगलं होतं.
ओन्ड्रियाला हे अजून सांगितलेलं नाही.

एप्रिलमध्ये तिची तोंडी परीक्षा.
दहा वाजता ती चिठ्ठ्या मोजून परत देते,
तीनशे बारा.
मी सही करते, खोका उचलते,
आत काहीतरी खुळखुळतं.
टाचण्या असतील.