पंच

तीस उन्हाळे पांढऱ्या कोटात
नेहरू स्टेडियमवर उभा राहिलो.
शंका आली की फायदा फलंदाजाला.
नाकाशेजारच्या तिळालाही
दोन वर्षं मीच नाबाद देत होतो.

आता टाके निघालेत.
दहा वाजले की कुमुदिनी पडदा ओढते.
रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या,
सगळं ऐकतो. तंबाखूसुद्धा सोडली.
रात्र मात्र माझं ऐकत नाही.
तीन वाजता उठून आरशासमोर
अंगावरचे तीळ मोजतो.
काल एकोणीस होते. आज वीस.

परवा केंजळे आला, आमचा जुना स्कोअरर.
"चला तळजाईवर, उजाडायच्या आत."
चढताना आजाराचं अवाक्षर नाही.
सत्त्याऐंशी सालच्या एका पायचीतवरून मात्र
वरच्या बाकापर्यंत भांडला :
"टप्पा लेगच्या बाहेर होता, उपेंद्रराव!"

नव्हता.
ऊन यायच्या आत उतरलो,
सहकारनगरात अमृततुल्यच्या बाकड्यावर
कपबशा मांडून त्याला क्षेत्ररचना दाखवली.
चहा निवला. तो मानेना.

त्या रात्री मोजायचं राहून गेलं.
सकाळी कुमुदिनी म्हणाली,
घोरत होतात.